ज्युनियर गटातील शेवटचे वर्ष: पोकेमॉन कार्डांच्या जागतिक स्पर्धेसाठी मुलाला फिरवावे का?

रानजाई

सर्वांना नमस्कार.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे तो पोकेमॉनचा कार्डांचा खेळ मन लावून खेळतो आहे. कार्डे जमवणे किंवा त्यांची खरेदी-विक्री हा माझा विषय नाही. साठ कार्डांचा डेक बांधून, समोरासमोर बसून जो खेळ खेळला जातो, त्याविषयी मी विचारते आहे, कारण आमच्या बहुतेक नातेवाइकांना या दोन गोष्टी एकच वाटतात. दर शनिवारी तो गावातल्या दुकानात भरणाऱ्या लीगला जातो, आणि सप्टेंबरमध्ये एका लीग कपमध्ये तो त्याच्या वयोगटात पहिला आला. त्या दिवसापासून २०२६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला होणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत खेळायचे, हाच ध्यास त्याने घेतला आहे.

ज्यांना या स्पर्धेची माहिती नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोकेमॉन कंपनीच्या वतीने ही जागतिक स्पर्धा २००४ मध्ये ऑरलँडो येथे सुरू झाली आणि २०२० व २०२१ ही महासाथीची दोन वर्षे सोडली तर ती दर वर्षी होत आली आहे. खेळाडूंचे वयानुसार ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे तीन गट असतात, आणि गट जन्मवर्षावरून ठरतो. २०२६ च्या हंगामात २०१४ किंवा त्यानंतर जन्मलेली मुले ज्युनियर गटात खेळतात, २०१० ते २०१३ या काळात जन्मलेली सीनियर गटात, आणि त्यापूर्वी जन्मलेले सर्व जण मास्टर्समध्ये. माझा मुलगा नोव्हेंबर २०१४ चा आहे. म्हणजे ज्युनियर गटातील हे त्याचे शेवटचे वर्ष. पुढच्या हंगामात त्याच्यापेक्षा तीन-साडेतीन वर्षांनी मोठी मुले त्याच्यासमोर बसतील.

जागतिक स्पर्धेचे निमंत्रण हंगामभरात मिळवलेल्या गुणांवर मिळते. दुकानांतल्या लीग चॅलेंज आणि लीग कपमध्ये थोडे गुण मिळतात, परंतु खरे गुण मिळतात ते रीजनल (विभागीय) स्पर्धांमध्ये, आणि त्या कधी गाडीने सात-आठ तासांवर, तर कधी विमानानेच गाठाव्या लागतील अशा शहरांत भरतात. त्यात शुक्रवारची शाळा बुडते आणि हॉटेलचा खर्च येतो. धाकट्या मुलीलाही आमच्याबरोबर फरपटत न्यावे लागते.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र दुसऱ्याच गोष्टीची आहे. हरल्यावर तो घरी रडतो, आणि ते मला समजते, परंतु मोठ्या सभागृहात अनोळखी मुलासमोर हरल्यावर तो स्वतःला कसा सावरेल याची मला कल्पना नाही. अशा वेळी मी त्याच्या शेजारी बसू शकेन का? त्यातच सांगलीहून माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे आहे की पत्ते ते पत्तेच. ज्या खेळात पान कोणते येईल यावर सारे अवलंबून असते, त्यासाठी मुलाला गावोगाव नेणे म्हणजे त्याला नशिबावर विसंबायला शिकवणे होय. त्यांना मी काय उत्तर द्यावे, हे मला खरोखरच सुचलेले नाही.

ज्यांची मुले ही स्पर्धा खेळली आहेत किंवा ज्यांना तिची आतून माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोकणकडा

रानजाईताई, आमची मुलगी २०२३ मध्ये योकोहामाच्या स्पर्धेत ज्युनियर गटात खेळली. तेव्हा आम्ही टोरांटोत राहत होतो, आणि अजूनही तेथेच आहोत. त्या प्रवासातले जे आठवते, ते तुमच्या प्रश्नाच्या अनुषंगाने लिहितो.

प्रथम तुमच्या मुख्य काळजीविषयी. तुम्हाला त्याच्या शेजारी बसता येणार नाही. पालकांना दोरीपलीकडे उभे राहावे लागते, आणि कित्येकदा तेथून टेबलावरची कार्डे दिसतही नाहीत; दिसते ती फक्त मुलाची पाठ. पहिल्या रीजनल स्पर्धेत मला हे असह्य झाले होते. ती कोणते कार्ड टाकते आहे हे कळत नसल्यामुळे मी तिच्या खांद्यांकडे पाहून अंदाज बांधत असे. खांदे वर गेले की काही तरी बिघडले आहे, असे मी समजायचो. नंतर कळले की ती विचारात पडली की खांदे वर करते आणि त्याचा हरण्याशी काही संबंध नसतो. आई-वडिलांना हे अंतर हळूहळू पेलायला शिकावे लागते, आणि माझ्या अनुभवात मुलापेक्षा आम्हालाच ते शिकायला अधिक वेळ लागला.

योकोहामाची स्पर्धा ही जपानमध्ये झालेली पहिली जागतिक स्पर्धा होती. त्याआधीच्या वर्षी ती लंडनला, म्हणजे प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर, झाली होती. हा खेळ १९९६ मध्ये जपानमध्येच सुरू झाला, त्यामुळे तेथील मुलांची तयारी काय असते हे आम्ही ऐकून होतो. मुलीची तिसऱ्या फेरीत एका जपानी मुलाशी गाठ पडली. तिची कार्डे इंग्रजी, त्याची जपानी. तिला जपानी येत नाही आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. तरीही पाऊण तास ती दोघे खेळली. कार्डावरचे चित्र पाहून दोघांनाही त्याचा परिणाम पाठ होता, नुकसानीचा आकडा ती बोटांनी दाखवत, आणि डेक पिसून झाल्यावर तो समोरच्यापुढे काटायला ठेवताना दोघेही मान झुकवत. तिने तो सामना गमावला. दोरीपाशी आल्यावर ती रडली नाही. तिने मला सांगितले की त्याने तिसऱ्या डावात एक कार्ड मुद्दाम दोन खेळ्या हातात राखून ठेवले होते आणि ते तिच्या लक्षात यायला हवे होते. त्या दिवशी ती पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरली नाही.

रडण्याविषयी आणखी एक सांगतो. ती घरी पुष्कळ रडली आहे, आणि दुकानातही रडली आहे. मोठ्या स्पर्धेत मात्र पुढची फेरी लगेच लागते, भिंतीवर किंवा फोनवर नवे टेबल क्रमांक येतात, आणि मुलाला डेक पुन्हा मांडून बसावेच लागते. या रचनेचा तिला आधार झाला. या स्पर्धांच्या स्विस पद्धतीत हरलेला खेळाडू लगेच बाद होत नाही. त्याची गाठ तितकेच गुण असलेल्या दुसऱ्या खेळाडूशी पडते. त्यामुळे पहिले दोन सामने हरलेले मूल तिसऱ्या फेरीत आपल्या तोडीच्या मुलाशी खेळते आणि कित्येकदा जिंकतेही. म्हणून एखादी रीजनल स्पर्धा अवश्य खेळू द्या, पण पहिली स्पर्धा गाडीने जाता येईल अशा ठिकाणची निवडा. हरल्यावर विमानतळावर चार तास बसण्यापेक्षा गाडीत मागच्या सीटवर झोपून जाणे मुलाला फार बरे वाटते.

त्रिज्या

मी निवृत्त गणित शिक्षक आहे आणि पुण्यात राहतो. माझी मुलगी मेलबर्नला असते, आणि दर वर्षी काही महिने तिच्याकडे राहताना नातवाचा प्रतिस्पर्धी म्हणून मी हा खेळ शिकलो. आपल्या सासऱ्यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. त्यांचा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही, कारण मीही आरंभी तोच घेतला होता.

खेळात नशीब आहे, हे प्रथम मान्य करावे. प्रत्येक खेळाडूचा डेक नेमका साठ कार्डांचा असतो आणि मूलभूत ऊर्जेची कार्डे (पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारी) वगळता एकाच नावाची चारपेक्षा अधिक कार्डे त्यात ठेवता येत नाहीत. आरंभी सात कार्डे हातात घ्यायची असतात. आता समजा, एखादे महत्त्वाचे कार्ड आपण पुरते चार वेळा ठेवले आहे, तर त्यांपैकी निदान एक तरी पहिल्या सात कार्डांत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. म्हणजे पाच डावांपैकी तीन डावांत ते आरंभी हातात नसणार. ज्या मुलाला हे ठाऊक आहे, तो त्या कार्डाची वाट पाहत बसत नाही. ते शोधून आणणारी दुसरी कार्डे तो डेकमध्ये घालतो. नशिबावर विसंबणे आणि नशिबाचे मोजमाप करून त्याची तजवीज करणे या दोहोंतील फरक मला वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर समजावून सांगावा लागला. माझ्या नातवाला तो नवव्या वर्षी कार्डांनी समजावला.

दुसरे उदाहरण अधिक मौजेचे आहे. पहिल्या सात कार्डांत एकही बेसिक पोकेमॉन (ज्याने डावाची सुरुवात करता येते असा पोकेमॉन) नसेल, तर हातातील कार्डे दाखवून, पुन्हा पिसून, नव्याने सात कार्डे घ्यावी लागतात आणि प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घेण्याची मुभा मिळते. डेकमध्ये असे पोकेमॉन आठच असतील तर ही आपत्ती सुमारे ३५ टक्के वेळा ओढवते. ते बारा केले तर प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवर येते. परंतु ती चार जादा कार्डे घालण्यासाठी दुसरी चार उपयोगी कार्डे काढावी लागतात. त्यांपैकी कोणती काढायची, हा निर्णय स्पर्धेच्या आधी, घरी, शांतपणे घ्यायचा असतो, आणि तो घेतल्यावर त्याचे बरेवाईट परिणाम दिवसभर सोसायचे असतात.

माझ्या मते या खेळातील सर्वांत सुंदर भाग सहा प्राइझ कार्डांचा आहे. डावाच्या आरंभी स्वतःच्या डेकमधील सहा कार्डे न पाहता उलटी बाजूला ठेवायची असतात. प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन गारद केला की त्यांतील एक उचलायचे (काही बलाढ्य पोकेमॉनबद्दल दोन किंवा तीन), आणि ज्याची सहाही आधी संपतात तो सहसा डाव जिंकतो. डेकमध्ये एकुलते एक असलेले कार्ड त्या सहांत अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के असते. चांगला खेळाडू पहिल्यांदा डेक चाळण्याची संधी मिळताच मनातल्या मनात साठ कार्डांची उजळणी करतो आणि जी दिसली नाहीत, त्यांवरून बाजूला काय पडले आहे हे ताडतो. माझा नातू अर्ध्या मिनिटात सहांपैकी पाच अचूक सांगतो. मला अजून तीनच्या वर जमलेली नाहीत.

केवळ नशीब चालले असते, तर तेच तेच खेळाडू पुन्हा पुन्हा वर आले नसते. अमेरिकेचा जेसन क्लाझिन्स्की हा २००६, २००८ आणि २०१३ अशा तीन वर्षी मास्टर्स गटाचा जगज्जेता झाला, आणि दरम्यानच्या काळात खेळण्यास मान्य असलेली कार्डे जवळजवळ पूर्णपणे बदलली होती. आपल्या सासऱ्यांना हेही सांगता येईल की पत्ते म्हणजे जुगार हे समीकरण आपल्याकडेही सरसकट मान्य झालेले नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले होते. येथे तर कोणी पैसेही लावत नाही.

आणि शेवटच्या वर्षाविषयी. २०२४ मध्ये होनोलुलू येथे मास्टर्स गटात चिलीचा फर्नांडो सिफुएंतेस जिंकला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याला ५०,००० डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला बोलावून त्याचे अभिनंदन केले. या खेळात गट बदलला म्हणून दार बंद होत नाही, एवढेच मला त्यातून दाखवायचे आहे.

मृद्गंध

वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले, परंतु माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही येथे नोंदवला जावा असे मला वाटते.

माझा मुलगा कॅलिफोर्नियात दोन हंगाम ज्युनियर गटात खेळला. पहिल्या हंगामात त्याला खेळाचा आनंद होता. दुसऱ्या हंगामात निमंत्रणासाठी किती गुण कमी आहेत, याचा तक्ता आमच्या फ्रीजवर लागला आणि तो मीच लावला होता, हे मला मान्य करावे लागेल. त्यानंतर तो डेक निवडताना कोणता डेक खेळायला आवडतो हे पाहीनासा झाला. कोणत्या डेकने अधिक गुण मिळतील एवढेच पाहू लागला. एका स्पर्धेत तो पाचवा आला आणि गाडीत बसल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: आता आणखी किती? पाचवा आल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर क्षणभरही दिसला नाही. अखेर निमंत्रण थोडक्यात हुकले, आणि त्यानंतर सहा महिने त्याने कार्डांना हात लावला नाही.

दुसरी गोष्ट दुकानातल्या अदलाबदलीची. आमच्या जवळच्या एका दुकानात एका मोठ्या मुलाने माझ्या मुलाकडून एक महागडे कार्ड किरकोळ किमतीच्या चार कार्डांच्या बदल्यात घेतले. लहान मुलाला आपल्या हातातील कार्ड खेळासाठी काय उपयोगाचे आहे हे अचूक कळते, परंतु बाजारात त्याला काय मोल आहे हे कळत नाही, आणि हे ठाऊक असणारे लोक प्रत्येक ठिकाणी असतात. स्पर्धेला जाताना त्याच्या पिशवीत खेळायचा डेक तेवढा असावा, संग्रहाची फाइल घरीच राहावी, असा नियम आम्ही नंतर केला. तो आधीच करायला हवा होता.

रानजाई, मला तुमच्या प्रश्नातील 'शेवटचे वर्ष' या शब्दांची भीती वाटते. हे शब्द त्याच्या तोंडी आहेत की तुमच्या? ते तुमचे असतील, तर आधी ते बाजूला ठेवा. आणि एक व्यावहारिक गोष्ट: प्रत्येक प्रकारच्या स्पर्धेतील ठरावीक संख्येइतकेच सर्वोत्तम निकाल गुणांसाठी धरले जातात. त्यामुळे एका मर्यादेनंतर दुकाना-दुकानांत हिंडून काहीही वाढत नाही. हे आम्हाला हंगामाच्या अखेरीस नीट समजले, आणि तोपर्यंत आमचे कितीतरी रविवार खर्ची पडले होते.

उंबरठा

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि या स्पर्धांमध्ये जज म्हणून स्वेच्छेने काम करतो. पोकेमॉनमध्ये अशा परीक्षा दिलेल्या स्वयंसेवकांना प्रोफेसर म्हणतात. ज्युनियर गटाच्या टेबलांमध्ये मी अनेक शनिवार-रविवार घालवले आहेत, म्हणून टेबलावर नेमके काय घडते ते सांगतो.

सामना सहसा तीन डावांपैकी दोन जिंकणाऱ्याचा असतो आणि त्यासाठी ५० मिनिटांचा वेळ असतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य. सामना चालू असताना बाहेरून सल्ला देणे पूर्ण निषिद्ध आहे, दोन डावांच्या मधल्या वेळेतही. मराठीत बोललेले कोणाला कळणार नाही, असे समजून काही पालक दोरीपलीकडून मुलाला सूचना देतात. कृपया असे करू नका. भाषा कोणतीही असली तरी तो नियमभंगच आहे आणि त्याचा दंड मुलाला होतो.

ज्या मुलांवर दंडाची वेळ येते, त्यांतील बहुतेकांनी लबाडी केलेली नसते. अनवधानाने एक कार्ड जास्त घेतले जाते, एकाच पाळीत ऊर्जा दोनदा जोडली जाते, प्राइझ कार्ड उचलायचे राहते. लहान गटात आम्ही शक्यतो डाव पूर्ववत करून, समजावून सांगून पुढे जातो. पण चूक तत्काळ निदर्शनास आली तरच ते शक्य होते. पाच पाळ्यांनंतर कोणी सांगितले तर काहीच पूर्ववत करता येत नाही. म्हणून आपल्या मुलाला एकच सवय लावा: शंका आली की कार्डांवरचे हात काढायचे, एक हात वर करायचा आणि मोठ्याने 'जज' म्हणायचे. आपल्याकडच्या मुलांना यात संकोच वाटतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. समोरच्यावर आरोप केल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. जजला बोलावणे म्हणजे तक्रार नव्हे, हे त्याला घरीच सांगा आणि दोन-चार वेळा खोटाखोटा सामना मांडून त्याच्याकडून ते करवून घ्या. जजचा निर्णय पटला नाही तर मुख्य जजकडे दाद मागण्याचा हक्क अकरा वर्षांच्या मुलालाही आहे, आणि मी ज्यांच्या हाताखाली काम केले त्या सर्व मुख्य जजनी अशा मुलाचे म्हणणे गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून ऐकले आहे.

ज्युनियर गटात सर्वाधिक नुकसान होते ते डेकच्या यादीमुळे. स्पर्धेपूर्वी साठही कार्डांची यादी द्यावी लागते. यादीत एकोणसाठ कार्डे भरली, किंवा एखाद्या कार्डाचे नाव बरोबर पण ते ज्या संचात छापले गेले तो संच चुकीचा लिहिला, तर मूल एकही खेळी न करता डाव गमावू शकते, आणि ही यादी बहुतेक वेळा पालकांनी भरलेली असते. शिवाय कार्डाच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात एक इंग्रजी अक्षर छापलेले असते. त्यावरून ते कार्ड सध्या मान्य आहे की नाही हे ठरते. ११ एप्रिल २०२५ पासून 'एफ' अक्षराची कार्डे बाद झाली आणि 'जी' व त्यापुढील अक्षरांची त्या वेळी मान्य राहिली. असा बदल साधारणपणे दर वर्षी होतो, त्यामुळे हंगामाच्या मध्यात त्याचा आवडता डेक अचानक मोडू शकतो, याची त्याला आधीच कल्पना द्या.

सरावासाठी फार खर्च करण्याची गरज नाही. पोकेमॉन टीसीजी लाइव्ह हा संगणकावर आणि फोनवर चालणारा खेळ विनामूल्य आहे. जागतिक स्पर्धेतील गाजलेल्या डेकच्या छापील प्रतीही विकत मिळतात. त्यांच्या कार्डांची मागची बाजू वेगळी असल्यामुळे त्या अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत, परंतु उत्तम खेळाडूने साठ कार्डे कशी निवडली हे घरी शिकण्यासाठी त्या फार उपयोगी आहेत. संगणकाच्या सरावात मात्र एक उणीव राहते. पिसणे, मोजणे, प्राइझ कार्डे मांडणे हे सारे तेथे आपोआप होते, आणि मग खऱ्या टेबलावर तीच कामे करताना मुलाचा वेळ संपतो. आठवड्यातून दोन सामने तरी घड्याळ लावून खऱ्या कार्डांनी खेळवा.

मृद्गंध यांनी लिहिले आहे ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिले आहे. गुणांचा हिशेब करणारी मुले बरोबरी झाली तरी रडतात.

रानजाई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार.

मृद्गंध, तुमचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवला आणि मग मुलालाच विचारले. 'शेवटचे वर्ष' हे शब्द माझेच निघाले. त्याला सॅन फ्रान्सिस्कोला जायचे आहे ते दुकानातला त्याचा मित्र ऑगस्ट २०२५ मध्ये अनाहाइमच्या जागतिक स्पर्धेला जाऊन आला म्हणून, आणि तेथे जपान, ब्राझील, कोरिया अशा देशांतील मुलांशी खेळायला मिळते असे त्या मित्राने सांगितले म्हणून. पुढच्या वर्षी सीनियर गटात जायला मिळाले तरी चालेल का, असे विचारल्यावर तो म्हणाला की चालेल, पण तेव्हा तो मित्रही सीनियरमध्ये असायला हवा. तो मित्र त्याच्याच वर्गातला, २०१४ चाच आहे.

तेव्हा या हंगामात गाडीने जाता येईल अशा दोनच रीजनल स्पर्धा खेळायच्या, विमानाने कोठेही जायचे नाही आणि गुणांचा तक्ता घरात लावायचा नाही, असे आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे. निमंत्रण मिळाले तर जाऊ. सासऱ्यांना मी त्रिज्या यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. रमीचा निकाल त्यांना ठाऊक होता. मात्र प्राइझ कार्डांचा भाग त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि काल रात्री व्हिडिओ कॉलवर नातवाला म्हणाले की साठ कार्डे दाखव आणि कोणती सहा बाजूला पडली ते ओळखून दाखव. त्याने चार ओळखली. रविवारी पुन्हा बसायचे ठरले आहे.

उंबरठा, एक शंका राहिली. त्याच्या डेकमधील कार्डांना तो वर्षभर तीच पारदर्शक आवरणे वापरतो आहे आणि दहा-बारा कार्डे चमकदार छपाईची आहेत. स्पर्धेसाठी ती बदलावीत का?

उंबरठा

होय, अवश्य बदला. आवरणे नवी, एकाच पाकिटातील, मागून अपारदर्शक अशी घ्या, आणि साठ कार्डांसाठी निदान पासष्ट तरी जवळ ठेवा, कारण दिवसभर पिसताना एखादे तरी फाटते आणि जुन्या पाकिटातील वेगळ्या छटेचे एकच आवरण घातले तर ते कार्ड खूण केलेले ठरू शकते. चमकदार कार्डे दमट हवेत किंचित वाकतात. डेक टेबलावर ठेवून बाजूने पाहा. तो त्याच दहा-बारा ठिकाणी उघडत असेल, तर पिसतानाही ती कार्डे हाताला कळतात, आणि नेमकी तीच कार्डे महत्त्वाची असली तर जजला नाइलाजाने दंड करावा लागतो. त्यांच्या जागी त्याच कार्डांच्या साध्या छपाईच्या प्रती घाला. त्या बहुतेक वेळा पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि चमकदार प्रती घरी फाइलमध्ये सुरक्षित राहतील.